मुक्तपणे दिलेली कृती आणि कर्त्याचे नाव

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे जुने गाव आहे. १५३७ मध्ये बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांचे घराणे येलहंक्याचे प्रभू म्हणून प्रसिद्ध होते. आज हे गाव शहरात मिसळून गेलेले आहे. तथापि तेथील पुट्टेनहळ्ळी तळ्यावर पाणपक्षी अद्याप येतात, आणि पक्षिसंवर्धनासाठी हे तळे राखून ठेवण्यात आलेले आहे.

अशी कल्पना करावी की, एक शाळाशिक्षिका भल्या पहाटे ह्या तळ्यावर जाते आणि पिलाला भरविणाऱ्या चित्रबलाकाचे छायाचित्र घेते. चित्र चांगले येते. ती ते इंटरनेटवर ठेवते आणि खाली स्थळ व दिनांक लिहून असे जाहीर करते की, हे चित्र कोणीही विनामूल्य वापरावे. शाळेच्या भिंतीवर लावावे, मासिकात छापावे. मात्र चित्राखाली छायाचित्र घेणाराचे नाव द्यावे. काही महिन्यांनी ते चित्र एका दिनदर्शिकेवर दिसते. खाली नाव नाही. तेथून ते एका पुस्तकात जाते. तेथे तर दुसऱ्याच कोणाचे नाव आहे. स्थळ म्हणून केवळ 'पुट्टेनहळ्ळी, बंगळूर' एवढेच शब्द उरले आहेत. आता बंगळूरच्या दक्षिण भागातही पुट्टेनहळ्ळी नावाचे दुसरे एक तळे आहे. मग हा पक्षी कोणत्या तळ्यावर होता? ह्या प्रश्नाचे उत्तर जिला ठाऊक होते, तिचेच नाव गळून गेले आहे.

ह्या व्यवहारात कोणाचे काय गेले? शिक्षिकेने पैसा मागितलेला नव्हता. तेव्हा तिचा पैसा बुडाला असे म्हणता येत नाही. जे फुकट दिले, त्याची चोरी होते तरी कशी, असेही कोणी विचारील. ह्या प्रश्नाचा उलगडा पुढे करावयाचा आहे.

एका घुबडाची हकीकत

नाव म्हणजे केवळ मानपान नव्हे, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक हकीकत पाहू. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम ह्यांनी मध्य भारतातील एका लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ज्यांनी तो पक्षी मिळवून दिला, त्या ब्लूइट ह्यांच्या नावावरून त्याला 'ब्लूइटी' हे जातिनाम मिळाले. मराठीत ह्या पक्ष्याला रानपिंगळा म्हणतात. पुढे खानदेशात सनदी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन ह्यांनी ह्या जातीचे काही पक्षी मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ चा. हे नमुने कापूस भरून, पायाला स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून संग्रहालयांत ठेवले गेले. तेथे ते सर्व अभ्यासकांना पाहावयास मोकळे होते.

रिचर्ड माइनर्ट्‌झॅगन नावाचे एक इंग्रज लष्करी अधिकारी पक्ष्यांचे मोठे संग्राहक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. तो आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळविला, अशी त्याची चिठ्ठी सांगत असे. ही चिठ्ठी खरी मानल्यामुळे पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता असे पुस्तकांत नोंदले गेले, आणि शोधकांचे लक्ष भलतीकडे वळले. १९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन ह्या पक्षिशास्त्रज्ञ विदुषीने नायजेल कॉलर ह्यांच्यासह त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. आतील भरणाच्या व जुन्या टाक्यांच्या खुणांवरून असे सिद्ध झाले की, तो पक्षी डेव्हिडसन ह्यांनीच मिळविलेला होता. तो संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोटी चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळांच्या आधारे रासमुसेन व त्यांचे सहकारी शोधास निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. नामशेष झाला असावा असे ज्याविषयी वाटत होते, तो पक्षी ११३ वर्षांनंतर, खरी चिठ्ठी सांगत होती त्याच मुलखात सापडला.

डेव्हिडसन ह्यांचे नाव पुसले गेले, तेव्हा त्यांचा मान तर गेलाच. पण त्या नावाबरोबर खरे स्थळ व खरा काळही गेला. कृतीपासून तिच्या उगमापर्यंत नेणारी वाट म्हणजे कर्त्याचे नाव होय. ती वाट तुटली की शंका विचारावयास, चूक सुधारावयास किंवा अधिक माहिती मिळवावयास कोठे जावे, हे कोणालाच कळत नाही.

आजचे शास्त्रज्ञ ह्या बाबतीत दक्ष असतात. येलहंक्याच्या दक्षिणेस, कृषी विद्यापीठाच्या जी.के.व्ही.के. आवारात 'नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस' ही जीवविज्ञानाची संशोधनसंस्था आहे. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' ह्या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले डॉ. कृष्णमेघ कुंटे तेथे फुलपाखरांवर संशोधन करतात. त्यांच्या पुढाकाराने भारतीय फुलपाखरांचे जे संकेतस्थळ चालते, त्याला देशभरचे हौशी निरीक्षक छायाचित्रे पुरवितात, आणि प्रत्येक चित्राबरोबर ते घेणाराचे नाव नोंदलेले असते. मान आणि पुरावा ही दोन्ही कामे त्या एकाच नावाने साधतात.

मुद्रा : एक जुनी रीत

कृती सर्वांना मोकळी ठेवावी, पण नाव राखावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. संतांचे अभंग कोणीही गावेत, कोणीही उतरून घ्यावेत. त्यासाठी परवानगी लागत नसे. मात्र अभंगाच्या अखेरीस कर्त्याची मुद्रा असे. तुकोबांची 'तुका म्हणे', जनाबाईंची 'दासी जनी', एकनाथांची 'एका जनार्दनी' ह्या मुद्रा सर्वांना ठाऊक आहेत. एकनाथांच्या मुद्रेत तर आपल्या नावाबरोबर गुरूचेही नाव आहे. कर्नाटकातील शिवशरणांच्या वचनांतही अशीच खूण असते. तिला 'अंकित' म्हणतात. बसवण्णांचे अंकित 'कूडलसंगमदेव' हे आहे. ते त्यांचे नाव नसून आराध्यदैवताचे आहे. तरी वचन कोणाचे हे त्यावरून ओळखता येते. मुद्रा पद्याच्या अंगातच विणलेली असल्यामुळे कागद हरवला तरी ती हरवत नाही. जो गातो, त्याच्या मुखातून कर्त्याचे नाव आपोआप निघते.

तथापि ह्या रीतीला मर्यादा होत्या. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे एक कवी होऊन गेले. संत नामदेव आणि हे विष्णुदास ह्यांच्या मुद्रांत 'नामा' हाच शब्द असल्यामुळे दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या, आणि त्या वेगळ्या करण्यासाठी पुढील संशोधकांना फार श्रम पडले. शिवाय मुद्रा नाव सांगते, पण मजकुरात कोणी भर घातल्यास तिला अडविता येत नाही. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद व प्रक्षेप शिरलेले पाहून एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि ह्यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असे अखेरीस स्पष्ट बजावले. कर्त्याचे नाव राहावे आणि कृतीची मोडतोड होऊ नये, ह्या दोन अपेक्षा अशा फार जुन्या आहेत. त्यांना कायद्याचे बळ मात्र अलीकडच्या काळात मिळाले.

मोकळीक देण्याचा करार

भारतात स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा, सध्याचा कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ज्या कृतीवर 'हक्क राखून ठेवले आहेत' असे छापलेले नाही, ती सर्वांची, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः लेख लिहिताच, चित्र काढताच किंवा छायाचित्र घेताच कर्त्याला हा हक्क आपोआप प्राप्त होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. लेख, चित्र वा छायाचित्र कर्त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले असल्यास तो हक्क कर्त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हा हक्क मांडणीवर असतो, वस्तुस्थितीवर नसतो. येलहंक्याच्या तळ्यावर चित्रबलाक येतो ही माहिती कोणाच्याही मालकीची नाही. त्याचे विशिष्ट छायाचित्र मात्र ते घेणाराचे आहे.

तेव्हा ज्याला आपली कृती सर्वांस मोकळी करावयाची आहे, त्याने तसे शब्दांत सांगितले पाहिजे. अशा लेखी परवानगीला परवाना म्हणतात. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत परवाना लिहिल्यास घोटाळा होईल, म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही संस्था स्थापन झाली, आणि २००२ च्या अखेरीस तिने तयार मसुद्याचे परवाने प्रसिद्ध केले. त्यांत चार अटींची निरनिराळी जुळणी असते. पहिली अट नामनिर्देशाची. दुसरी, कृतीत फेरफार करून नवी कृती केल्यास तीही त्याच परवान्याने मोकळी ठेवण्याची. तिसरी, व्यापारासाठी न वापरण्याची. चौथी, फेरफार केलेली कृती प्रसृत न करण्याची.

आरंभी ह्या चारही अटी ऐच्छिक होत्या. नामनिर्देश नको असल्यास तोही वगळता येई. परंतु अनुभव असा आला की, परवाना निवडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ९७-९८ जण नामनिर्देशाची अट ठेवीत. म्हणून २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून ती सर्व मुख्य परवान्यांत कायम करण्यात आली. आपली कृती फुकट देणाऱ्या लोकांनी इतर अटींविषयी निरनिराळी निवड केली; नावाविषयी मात्र त्यांचे जवळजवळ एकमत झाले. ज्याला नावाचीही अट नको असेल, त्याच्यासाठी सर्व हक्क सोडून देण्याचे वेगळे पत्रक २००९ पासून उपलब्ध आहे.

दोन खटले

अट घालून देणे आणि सर्वस्वी सोडून देणे ह्यांत किती अंतर आहे, हे अमेरिकेतील दोन खटल्यांवरून दिसते.

कॅलिफोर्नियातील रॉबर्ट जेकबसन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांना खेळण्यातील आगगाड्यांचा छंद होता. त्या गाड्या संगणकावरून चालविण्यासाठी त्यांनी व इतर हौशी मंडळींनी मिळून एक आज्ञावली तयार केली आणि ती सर्वांना विनामूल्य दिली. अट अशी की, तिचा भाग घेऊन काही नवे केल्यास मूळ कर्त्यांची नावे कायम ठेवावीत आणि काय बदलले ते सांगावे. एका व्यावसायिकाने त्यातील फायली आपल्या मालात घातल्या आणि नावे गाळली. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने तातडीचा मनाईहुकूम नाकारला. परंतु ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, पैसा घेतला नाही म्हणून अटीचे मोल कमी होत नाही. अट मोडून केलेला वापर हा परवानगीबाहेरचा वापर असून तो स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. मोफत दिलेल्या कृतींच्या इतिहासात हा निर्णय फार महत्त्वाचा मानला जातो.

दुसरा खटला कॅरल हायस्मिथ ह्यांचा. ह्या छायाचित्रकर्तीने आपली हजारो छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, म्हणजे 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ला, जनतेच्या उपयोगासाठी देऊन टाकली होती. पुढे त्यांना एक मागणीपत्र आले. त्यांनी आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर वापरलेल्या एका छायाचित्राबद्दल १२० डॉलर भरावेत, असे त्यात लिहिले होते. आणि ते छायाचित्र त्यांनी स्वतः घेतलेले होते! चित्रे विकणाऱ्या संस्था त्यांची सार्वजनिक चित्रे आपल्या यादीत घालून पैसे घेत होत्या. हायस्मिथ ह्यांनी २०१६ मध्ये दावा लावला. जी चित्रे सार्वजनिक झाली आहेत, त्यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरत नाही, असा बचाव प्रतिपक्षाने केला. आणि स्वामित्वहक्काच्या कायद्याखालील त्यांचे मुख्य दावे न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळले.

जेकबसन ह्यांनी हक्क आपल्याकडे ठेवून वापराची मोकळीक दिली होती. हायस्मिथ ह्यांचा हक्कच सुटला होता. दोघांचेही औदार्य निःसंशय होते. परंतु कायद्याला औदार्य दिसत नाही, त्याला लिहिलेले शब्द दिसतात. ह्यावरून हेही ध्यानात येते की, नावाची अट राखावयाची तर हक्क सोडून चालत नाही. ज्याच्या हाती हक्क आहे, त्यालाच अट घालता येते.

भारतीय कायद्यातील तरतूद

भारतातील स्थिती ह्याहून काहीशी अनुकूल आहे. १९५७ च्या कायद्यातील ५७ वे कलम कर्त्याचे विशेष हक्क सांगते. स्वामित्वहक्क पूर्णतः वा अंशतः दुसऱ्यास दिला, तरीही 'ही कृती माझी आहे' असे म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. तसेच आपल्या लौकिकास बाध येईल अशी कृतीची मोडतोड झाल्यास तो दाद मागू शकतो. वर पाहिलेल्या दोन्ही जुन्या अपेक्षा ह्या एका कलमात आलेल्या आहेत. साहित्य व कलाकृती ह्यांच्या रक्षणासाठी १८८६ मध्ये झालेल्या बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारात हे तत्त्व १९२८ मध्ये समाविष्ट झाले.

दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल ह्यांचे ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प होते. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याची दुर्दशा झाली. शिल्प शासनाच्या मालकीचे होते. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५७ व्या कलमाच्या आधारे शिल्प कर्त्यास परत करावे आणि ५ लाख रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. वस्तूची मालकी आणि कर्त्याचा संबंध ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद झाली. छायाचित्राच्या फाइलीत कर्त्याचे नाव, कृतीची ओळख व वापराच्या अटी अदृश्य रूपाने नोंदविता येतात. अशी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून, अधिकार नसता काढून टाकणे किंवा बदलणे हा ६५-ब कलमान्वये गुन्हा असून त्यास २ वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. मात्र चित्र एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ही माहिती कित्येकदा यंत्राकडूनच आपोआप गळते. म्हणून तिच्यावरच भिस्त न ठेवता नाव चित्राखाली दिसेल असेही लिहावे.

बंगळूरची मोकळी पुस्तके

हे सर्व व्यवहारात कसे उतरते, ह्याचे चांगले उदाहरण बंगळूरातच आहे. तेथील 'प्रथम बुक्स' ही मुलांची पुस्तके काढणारी संस्था २००४ पासून काम करीत आहे. ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जागतिक साक्षरतादिनी, तिने 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरील गोष्टी कोणीही वाचाव्यात, छापाव्यात, आपल्या भाषेत आणाव्यात, अट नामनिर्देशाची. मराठी गोष्टीही तेथे पुष्कळ आहेत. एखादी गोष्ट मूळ कन्नडमध्ये लिहिली गेली, तिची चित्रे दुसऱ्याने काढली आणि तिसऱ्याने ती मराठीत आणली, तर लेखक, चित्रकार व अनुवादक ह्या सर्वांची नावे पुस्तकात नोंदलेली असतात. त्यामुळे गोष्ट कितीही भाषांतून फिरली तरी तिचे मूळ शोधता येते. आणि ज्याचे नाव बहुधा विसरले जाते, त्या अनुवादकाचेही स्मरण राहते.

शाळा व ग्रंथालये ह्यांनी काय करावे

मोकळी कृती वापरताना चार गोष्टी लिहाव्यात : कृतीचे शीर्षक, कर्त्याचे नाव, ती जेथून घेतली ते ठिकाण आणि परवाना. कृतीत बदल केला असल्यास पाचवी गोष्ट म्हणून तोही सांगावा. उदाहरणार्थ, हस्तलिखितात वरील छायाचित्र घेताना खाली असे लिहिता येईल : 'पिलाला भरविणारा चित्रबलाक, येलहंका, छायाचित्र अमुक ह्यांचे, अमुक संकेतस्थळावरून, क्रिएटिव्ह कॉमन्स नामनिर्देश ४.० परवान्याने, कडा छाटल्या आहेत.' 'इंटरनेटवरून साभार' असे लिहिणे म्हणजे नामनिर्देश नव्हे. इंटरनेट हे चित्र मिळण्याचे ठिकाण आहे. ते कोणाचा कर्ता नाही. कर्ता सापडत नसेल तर ती कृती न वापरता दुसरी शोधावी.

कृती मोकळी करणाऱ्यानेही काही गोष्टी पाळाव्यात. परवान्याचे पूर्ण नाव लिहावे. आपले नाव कसे छापावे ते सांगावे. मूळ फाइल, जीत घेतल्याचा दिवस नोंदलेला असतो, ती जपून ठेवावी. वाद झाल्यास तीच मुख्य पुरावा ठरते.

आणि आपले नाव गाळलेले आढळले तर? प्रथम सौम्य शब्दांत पत्र लिहावे. पुष्कळदा ही चूक अज्ञानाने होते व पत्र मिळताच दुरुस्त केली जाते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या २०१३ मधील चौथ्या आवृत्तीत हा विचार केलेला आहे. अट मोडताच परवाना आपोआप संपतो. परंतु चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारल्यास तो पुन्हा लागू होतो. पत्राला उत्तर न आल्यास जेथे कृती प्रसिद्ध झाली त्या प्रकाशकाकडे वा संकेतस्थळाच्या चालकाकडे लेखी तक्रार करावी. कायद्याचा मार्ग त्यानंतरचा.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. येलहंक्याच्या तळ्यावरील चित्र फुकट दिले होते, तर मग गेले काय? शिक्षिकेने चित्र दिले ते एका अटीवर दिले होते. ती अट मोडल्यावर तो वापर तिच्या परवानगीचा राहिला नाही. वाचकाचा तोटा त्याहून मोठा आहे. तळे कोणते, दिवस कोणता, पिलू पुढे वाढले काय, हे ज्या व्यक्तीला विचारता आले असते, तिच्यापर्यंत जाणारी वाट बंद झाली. आणि पुढच्या पहाटे घेतलेले चित्र ती पुन्हा सर्वांसाठी ठेवील किंवा आपल्यापाशीच ठेवील, हेही त्या एका गाळलेल्या ओळीवर अवलंबून आहे.